नळीवरचं सूत

मंगळवारी सकाळी अभयने बगळीची किल्ली माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवली.

"आई, गुरुवारी अकराची वेळ मिळालीय आरटीओत. तोवर गाडी नीट उभी राहिली तर पासिंग करून आणतो. नाही राहिली तर तिथूनच भंगारवाल्याकडे. मला सारखी सुट्टी नाही मिळत."

"भंगारवाल्याशी बोललास?"

"बोलून ठेवलंय."

मी चहा संपवला. अभय माझा एकुलता एक. अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे आणि वाईट अजिबात नाही. मला औषधाच्या वेळेला ऑफिसातून फोन करतो. पण त्याला जुनी वस्तू सांभाळता येत नाही, आणि बगळी तर सन दोन हजार सालची. पांढरी, लांब मानेची, जराशी पुढे झुकल्यासारखी उभी राहते, म्हणून नायगावच्या आमच्या चाळीतल्या पोरांनी तिला बगळी नाव ठेवलं. ह्यांनी ती सेकंडहँड घेतली २००५ साली, गिरणी बंद पडल्यावर. चाळीतली नऊ मुलं याच गाडीतून वाडिया हॉस्पिटलात जन्माला गेली आणि याच गाडीतून टोपरं घालून घरी आली. त्यातली चार आता माझ्यापेक्षा उंच आहेत.

आता चाळ पाडली. तिथे टॉवर उठतोय आणि आम्ही तोवर परळला भाड्याने राहतो. गिरणीच्या जागी काय आहे ते बघायला मी जात नाही. हे जाऊन सहा वर्षं झाली. आमच्या त्या एका खोलीतलं जे होतं ते माळ्यावरून उतरवलं, वाटलं, टाकलं. एवढी एक बगळी राहिली. गुरुवारी तीही गेली असती, तर मला कुठे हात ठेवायलाच काही उरलं नसतं.

तिचं दुखणं असं होतं. चालताना काही नाही, अगदी गुळगुळीत. पण सिग्नलला उभी राहिली, पाय काढला, की थरथरायला लागायची. आरसा इतका हलायचा की मागची बस दोन-दोन दिसायची. मध्येच एक गचका, मग सावरायची, मग परत. आणि सकाळी चालू व्हायला रडायची. अभयने तिला एका मोठ्या, एसीवाल्या वर्कशॉपमध्ये नेलं होतं. तिथल्या मुलाने पंप बदला, इंजेक्टर बदला, असं सांगून शेवटी म्हटलं, "सर, याच्यापेक्षा नवी घ्या."

"रघुला दाखवलंस का?" मी विचारलं.

"रघु अजून आहे?"

"करी रोडला आहे, तिथेच. चल, मी पण येते."

"तू येऊन काय करणार?"

"बसणार."

रघु मिस्त्री मालवणकडचा. पन्नाशीचा असेल. करी रोडच्या पुलाखालच्या गल्लीत त्याचं गॅरेज, दोन गाड्या मावतील एवढं, समोर चाळीस मजली टॉवर. हे जिवंत असताना बगळीला त्याच्याशिवाय कोणाचा हात लागला नाही. त्याने मला गाडीतून उतरताना पाहिलं आणि हातातला पाना तसाच धरून पुढे आला.

"जयभीम काकी! म्हातारी झालात गो!"

"तू काय लहान राहिलास? केस कुठे गेले?"

"टाकीत पडले." त्याने बॉनेट उघडलं. "अभय, तू जा रे ऑफिसात. काकी आणि मी बघतो."

अभय गेला. रघुने मला प्लॅस्टिकची खुर्ची दिली, पण मी उभीच राहिले. बॉनेटखाली सगळं जसंच्या तसं होतं. डाव्या बाजूला, टाकीकडून येणारी लोखंडी नळी जिथे रबरी नळीला मिळते, तिथे ते सूत होतं. तेलाने काळं, बोटभर रुंद, नीट एकाशेजारी एक वेढे.

"रघु, सगळं बघ," मी म्हटलं. "फक्त त्याला हात नको."

"माहीत आहे ना. रामदासभाऊंचा हात आहे तो."

रामदासभाऊ म्हणजे हेच, आणि ते सूत ह्यांनी बांधलं, एवढं रघुलाच काय, सगळ्यांना माहीत होतं. २००६ साली बुद्धपौर्णिमेला आम्ही खेडजवळच्या आमच्या गावी निघालो होतो, गाडी घेतल्यावर पहिल्यांदाच. कशेडी घाटात गाडी बंद पडली. ह्यांनी बॉनेट उघडलं, नळीला चीर गेलेली शोधली, अंघोळीचा लाल साबण चिरेत भरला आणि माझ्या पिशवीतल्या गिरणीच्या सुताने वरून करकचून बांधलं. गाडी चालू झाली आणि दुपारच्या जेवणाला आम्ही गावात. ही गोष्ट मी किती वेळा सांगितली असेल! चाळीत, लग्नांत, अभयच्या सासरी. ह्यांच्या शोकसभेत मला चार शब्द बोला म्हणाले तेव्हाही मी हीच सांगितली होती. माझी स्मरणशक्ती चांगली आहे. १९७० साली मी वायडिंग खात्यात लागले तेव्हा माझ्या मशीनला सूत गुंडाळायच्या किती चात्या होत्या, ते मी आजही सांगेन. शंभर. एकोणिसावी वाकडी होती.

रघुने गाडी चालू केली. थरथर, गचका, थरथर. त्याने इंजिनाच्या अंगावर हात ठेवला, खालचे रबर बघितले, ते धड होते. मग एक लहान पाना घेतला.

"आता चारी पोरांची हजेरी घेतो."

इंजिनात चार जागी डिझेल जातं, चार बारीक नळ्यांतून. त्याने पहिल्या नळीचा नट अर्धा फेरा सोडला. डिझेल फसफसलं आणि इंजिन आणखी लंगडलं. नट आवळला, पूर्ववत. दुसऱ्याचं तसंच. तिसऱ्याचं, चौथ्याचं.

"ज्याचा नट सोडल्यावर काहीच फरक पडत नाही, तो मेलेला," रघु म्हणाला. "पण हयसर चारी पोरं कामावर आहेत. कोण घरी बसलेला नाय. म्हणजे ते एसीवाले सांगत होते ते इंजेक्टर-बिंजेक्टर खोटं. गडबड जेवणात आहे."

मला हसू आलं. कारण आमच्या खात्यातही असंच करायचे, फक्त उलटं. एखादी चाती बिघडली की अख्खं मशीन थरथरायचं. आवाजावरून काही कळायचं नाही. खात्यात एवढा गोंगाट की शेजारणीशीही ओठांनी आणि हाताच्या खुणांनी बोलायचं. तर आमची शेवंती नायकीण, म्हणजे आम्हा बायकांवरची मुकादमीण, ती सांगायची, "कान ठेव घरी, हात ठेव इथं." मग एकेका चातीवर तळवा ठेवत जायचं. जिच्यावर ठेवल्याबरोबर मशीनची थरथर निवते, ती चोर. तेहतीस वर्षं हे केल्यावर तळव्याला एक वेगळी अक्कल येते. अजूनही मिक्सरला हात लावला की मला कळतं तो किती दिवस टिकणार.

मी बगळीच्या मडगार्डवर तळवा ठेवला. ही चातीची थरथर नव्हती. एका ठिकाणाहून येत नव्हती. सगळ्या अंगातून येत होती, आणि थांबून थांबून, जशी भुकेने येते.

"जेवणातच आहे," मी म्हटलं.

"घ्या. काकी पण मेकॅनिक झाल्या."

त्याने डिझेलचा फिल्टर बदलला. फिल्टरच्या डोक्यावर एक छोटा हातपंप असतो, तो दाबून दाबून कडक केला. गाडी चालू केली आणि जरा बरी वाटली. मी टाळी वाजवणार एवढ्यात परत गचका. रघुने गाडी रात्रभर तिथेच ठेवून जायला सांगितलं.

घरी आल्यावर अभयने विचारलं, "मग?"

"बघतोय."

"आई, उद्याचा एकच दिवस आहे."

"मला मोजता येतं."

बुधवारी सकाळी मी चालत करी रोडला गेले. रघुने मला पाहताच बॉनेट उघडलं आणि म्हणाला, "तुम्हीच दाबा." मी कालचा तो हातपंप दाबला. काल दगडासारखा कडक होता. आज शिळ्या भाकरीवरच्या फुग्यासारखा आत गेला.

"रात्रीत डिझेल मागे टाकीत उतरलं," रघु म्हणाला. "कुठूनतरी हवा शिरते. एअर घेतेय गाडी."

"पण गळत कुठे आहे? खाली एक थेंब नाही."

"बाहेर गळत नाय, काकी. आत ओढते. हे बघा, तुम्ही शहाळं पिता. स्ट्रॉला चीर गेली तर पाणी सांडतं का? सांडत नाय. पण तोंडात निम्मी हवा येते. गाडी पळते तेव्हा ओढ जबर असते, खपून जातं. उभी राहिली की बुडबुडा मध्येच अडतो, आणि पोरं उपाशी. म्हणून थरथर."

"मग चीर कुठे ते शोध."

"आधी पेशंटला सलाइन लावूया."

त्याने खरंच तसंच केलं. एका प्लॅस्टिकच्या बाटलीत चांगलं डिझेल भरलं, बाटली बॉनेटच्या दांडीला टांगली आणि तिची नळी थेट फिल्टरला जोडली. टाकीकडून येणारी वाट बंद. गाडी चालू केली. पाचेक मिनिटं ती कुरकुरली, पोटातली हवा गेली आणि मग ती अशी काही स्थिर उभी राहिली की मी तळवा ठेवला तर मला फक्त उबदार लोखंड लागलं. समोरच्या टॉवरचा वॉचमन बघायला आला. रघुने त्याला सांगितलं, "आयसीयूत आहे. भेटायची वेळ संपली."

म्हणजे इंजिन धडधाकट होतं. पंप धडधाकट. चोर टाकी आणि फिल्टर यांच्यामध्ये कुठेतरी होता.

रघु गाडीखाली शिरला. मागे टाकीजवळचा रबरी जोड काढून बघितला, चांगला होता, तरी नवा घातला. लोखंडी नळी बोटाने चाचपत पुढेपर्यंत आला. कुठे गंज नाही, कुठे ओल नाही. मग बाटली काढून टाकीची वाट परत जोडली, पण फिल्टरच्या अलीकडे एक पारदर्शक नळी बसवली, म्हणजे आतून काय जातंय ते दिसेल. गाडी चालू केली.

बुडबुडे. साबुदाण्याएवढे, एकामागे एक.

रघुने गाडी बंद केली. हात पुसले. परत पुसले.

"चहा पिऊया, काकी."

मी त्याच्याकडे बघितलं. तो टॉवरकडे बघत होता. टाकीकडून इथवर दोनच रबरी जोड. एक त्याने मघाशी बदलला. दुसरा राहिला होता, आणि त्याच्यावर ते सूत होतं.

"रघु, बोल."

"काय बोलू? तुम्हाला दिसतंय."

"दुसरा काही उपाय?"

"सुताच्या वरून टेप मारतो, डांबर लावतो. उद्याचा दिवस निघेल. पण महिन्याभरात परत हेच. आणि कधीतरी गाडी भर रस्त्यात बंद पडेल. मग अभय ऐकायचा नाय." त्याने चहाचा ग्लास माझ्या हातात दिला. "तुम्ही म्हणाल तसं."

चहा गोड होता, फार गोड. मी तो प्यायले आणि काही ठरवू शकले नाही. माणूस गेल्यावर त्याचे कपडे देता येतात. चष्मा देता येतो, मी दिला. पण त्याने स्वतःच्या हाताने केलेलं, अजून काम करत असलेलं असं दुसरं काय होतं माझ्याकडे? आणि आता तेच काम करत नव्हतं.

तीन वाजता अभय आला, अर्ध्या दिवसाची रजा टाकून. रघुने त्याला दोन वाक्यांत सगळं सांगितलं.

"मग कापा ना!" अभय म्हणाला. "सूत आहे ते."

"तुझ्या बापाचा हात आहे तो," मी म्हटलं.

"आई, बाबा असते ना, तर त्यांनीच पहिला कापला असता. मेलेलं मशीन त्यांनी कधी झाकून ठेवलं? तूच सांगतेस ना, गिरणीत रिंग खात्यात मुकादम जॉबरशी भांडून पट्टा बदलायला लावायचे म्हणून?"

हे खरं होतं. हे असते तर म्हणाले असते, कांता, नाटक नको.

"ब्लेड दे," मी रघुला म्हटलं. "मी कापते. दुसऱ्या कोणाला नाही कापू देणार."

"आत वाकावं लागेल, काकी."

"वाकते."

मी चष्मा पुसून घातला. अभयने मोबाइलचा दिवा धरला. सूत इतकं काळं आणि गुळगुळीत झालं होतं की कुठून सुरू होतं ते कळेना. वेढा कापण्यापेक्षा गाठ कापावी, म्हणजे सूत अखंड निघेल, असं मला वाटलं. रघुने चिंधी डिझेलमध्ये भिजवून दिली. मी पुसत गेले. वीस वर्षांच्या मळाखाली एक गाठ निघाली. बारीक, चपटी. आमच्या गिरणीचीच गाठ, धाग्याचं एक टोक दुसऱ्याच्या गळ्यात अडकवून मारायची ती, जी ओढली की सुटत नाही आणि कापड विणायच्या साच्यातून जाताना अडत नाही.

मी ब्लेड टेकवलं आणि थांबले.

"काय झालं?" अभय म्हणाला.

"दिवा जवळ आण."

वेढे डावीकडून गेले होते. गाठीची दोन्ही टोकं डावीकडे वळली होती.

मी डावखुरी आहे. लिहायला शाळेत मारून उजवा केला, पण सूत मात्र मी डाव्यानेच बांधते. खात्यात लागले तेव्हा शेवंती नायकिणीने माझ्या डाव्या मनगटावर रिकामी बॉबिन हाणली होती. "सरळ हाताने बांध गं भवाने!" मला जमेना. मग मी सगळ्या बायकांची गाठ आरशात बघितल्यासारखी उलटी शिकले. साचेखात्यातून, म्हणजे विणकामातून, वाईट गाठीचं सूत परत आलं की नायकीण ते डोळ्यांजवळ धरायची आणि म्हणायची, "ही कांताची नव्हे. कांताची मी अंधारात ओळखीन." पूर्वी त्या साचेखात्यात आमच्या लोकांना कामाला घेत नसत. धोट्यातलं सूत तोंडाने ओढावं लागे, ते बाटेल म्हणून. सासरे सांगायचे. मी ते ऐकून मनात म्हणायचे, माझी गाठ मात्र रोज तुमच्या साच्यात जाते, आणि उलटी जाते.

अख्ख्या गिरणीत अशी गाठ बांधणारी मी एकटी. आणि हे तर उजव्या हाताचे होते.

मी बॉनेटला धरून सरळ झाले. रघुने खुर्ची पुढे सरकवली. या वेळी मी बसले.

आणि मग मला कशेडी घाट आठवला. सांगून सांगून गुळगुळीत झालेला घाट आठवला नाही, त्याच्या खालचा आठवला. ह्यांनी घाईत पाण्याचं झाकण उघडलं आणि वाफेने उजवा तळवा भाजला. मी पदर भिजवून हाताला गुंडाळला. ते खूप वेळ रस्त्याच्या कठड्यावर बसून राहिले, हात मांडीवर धरून. चीर त्यांनीच शोधली होती, साबणही त्यांनीच भरला, डाव्या हाताने. मग मला म्हणाले, "कांता, तू बांध. तुझी गाठ सुटत नाही." मी पिशवीतून सुताचा गुंडा काढला. गिरणी बंद झाली तरी तो माझ्या पिशवीत असायचा. मी वाकले आणि बांधलं. सगळं आठवलं. नळी गरम होती. माझी बांगडी त्या बोल्टला लागून वाजत होती.

गावात पोचलो तेव्हा मोठे दीर अंगणात उभे होते. गाडी घेतली तेव्हा त्यांनी चारचौघांत हसून म्हटलं होतं, गिरणीतला माणूस आता साहेब झाला, बघू घाट चढतो का. त्यांनी विचारलं, "उशीर का?" हे काही बोलायच्या आत मीच म्हणाले, "नळी फुटली होती. ह्यांनी बांधली, घाटात, सुताने." ह्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. भाजलेला हात पाठीमागे होता. दीर गाडीभोवती फिरले, वाकून सूत बघितलं आणि म्हणाले, "शाब्बास रे."

त्यानंतर ती गोष्ट सांगायची पाळी सारखी येत गेली. पहिल्या दोन-चार वेळा मला ठाऊक असणार की मी खोटं सांगते. पुढे ते कधी बंद झालं, ठाऊक नाही. माझी स्मरणशक्ती चांगली, असं मी मघाशी म्हटलं. आहेच. फक्त मी तिच्यावर एक वेढा घातला होता.

आणि ह्यांनी? ह्यांनी कधी ती गोष्ट स्वतः सांगितली नाही. हे मला तेव्हाच, त्या खुर्चीत बसल्यावर लक्षात आलं. सांगायची मी. हे नुसते बाजूला बसून सुपारी कातरायचे. पण बॉनेट उघडलं की प्रत्येक वेळी मला हाक मारायचे, "कांता, जरा ये गं इकडे." मी हातातली भांडी टाकून जायची. ते सुतावर बोट ठेवून म्हणायचे, "ही गाठ सुटायची नाही." मला वाटायचं, मिरवतायत. मी म्हणायची, "पुरे झालं, आमटी करपेल," आणि परत जायची.

"आई?" अभय खाली बसला होता, माझ्या गुडघ्याशी. "पाणी देऊ?"

"ही गाठ माझी आहे," मी म्हटलं.

"म्हणजे?"

मी सांगितलं. मध्ये मध्ये थांबत, पण सगळं. वाफ, पदर, मोठे काका.

"पण तूच तर सांगायचीस की बाबांनी..."

"मीच सांगायची."

रघुने कपाळाला हात लावला. "म्हणजे दोन दिवस मी तुमच्याच हाताला घाबरून या गाडीला प्रदक्षिणा घालतोय? काकी, कमाल करता! आधी सांगितलं असतं तर काल दुपारीच मोकळे झालो असतो!"

मला हसू फुटलं आणि मग आवरेना. अभयही हसायला लागला. टॉवरचा वॉचमन परत बघायला आला.

मग मी उठले आणि गाठ कापली. माझं काम होतं, वीस वर्षं टिकलं, आता गेलं. सूत उलगडत गेलं, अखंड, माझ्या हाताच्या दुप्पट लांब. त्याखाली साबणाचा खडा झाला होता, तो गळून पडला. रबर टाचेसारखं भेगाळलेलं होतं. रघुने ते बोटांत वाकवलं आणि त्याचे दोन तुकडे झाले.

"हा चोर," तो म्हणाला.

नवी नळी, दोन्ही टोकांना पत्र्याचे क्लॅम्प. हातपंप कडक झाला. पारदर्शक नळीतून डिझेल चाललं होतं, सलग, मधाच्या रंगाचं, एकही बुडबुडा नाही. अभयने किल्ली फिरवली. पहिल्याच फटक्यात. मी मडगार्डवर तळवा ठेवला आणि डोळे मिटले. चारही पोरं जेवत होती.

"झालं," रघु म्हणाला. "आता ही नळी जरा लांब झाली, बाजूच्या सळईला टेकतेय, घासेल. तिला दांडीला अडकवायला हवं. प्लॅस्टिकचे टाय संपलेत. थांबा, समोरून सुतळी आणतो."

"सुतळी कशाला?"

जुनं सूत माझ्या हातातच होतं. मी त्याचा चांगला भाग तोडून घेतला, वाकले, नळी दांडीला लावली आणि चार वेढे घातले. डाव्या हाताने. बोटं आता तेवढी चालत नाहीत. पहिली गाठ घसरली. दुसरी बसली. मी ती ओढून बघितली.

वर बघितलं तर अभय मोबाइल धरून उभा होता.

"फोटो काढतोस?"

"व्हिडिओ."

गुरुवारी अकरा वाजता आम्ही आरटीओत होतो. मी मागच्या सीटवर बसून होते. अभय म्हणाला होता, आई, तिथे ऊन असतं, तू नको. मी आलेच. रांगेत आमच्या पुढे तीन गाड्या. बगळी चालू उभी होती आणि आरशात मागची गाडी एकच दिसत होती. तपासणीचे साहेब तरुण होते. त्यांनी नंबर तपासला, दिवे लावायला सांगितले, एक्झॉस्टजवळ थांबून धूर बघितला, मग बॉनेट उघडायला लावलं. बॉनेट वर गेल्यावर मला समोरचं काही दिसेना. फक्त ऐकू येत होतं.

"इंजिन चांगलं ठेवलंय," साहेब म्हणाले. मग जरा थांबून, "आणि हे काय? हे सूत?"

मी पुढच्या सीटच्या पाठीला घट्ट धरलं.

"आईने बांधलंय," अभय म्हणाला.

"आईने?"

"गिरणीत होती. तिची गाठ सुटत नाही."

साहेबांनी ती ओढून बघितली असावी, कारण दांडी जराशी वाजली. मग बॉनेट धाडकन खाली आलं आणि कागदावर शिक्का बसला. अभय गाडीत येऊन बसला आणि आरशातून माझ्याकडे बघून म्हणाला, "भंगारवाल्याला फोन करायचाय. नाही येत म्हणून सांगतो."

"आधी चल," मी म्हटलं. "मागे रांग लागलीय."